सुट्टीतलं संशोधन परदेशात: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या काही महिन्यांत सोलापूर जिल्ह्यातून एकाच विषयावर बरीच पत्रं आली. पदवीला असतानाच उन्हाळ्यात परदेशी विद्यापीठात बायोइन्फॉर्मेटिक्सचं (जीवशास्त्रातल्या माहितीचं संगणकावर विश्लेषण) काम करायला मिळतं, ते आपल्याला कसं मिळेल? सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. मुदती आणि शुल्कं दरवर्षी बदलू शकतात, म्हणून पैसे भरण्याआधी संबंधित संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

मी बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये अर्ज करायचा विचार आहे. उशीर होईल का?
— विद्यार्थिनी, सोलापूर

त्याच उन्हाळ्यात जायचं असेल तर फार उशीर होईल. कॅनडातल्या मिटॅक्स ग्लोबलिंकचे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात बंद होतात. तिथे १२ आठवड्यांचं काम असतं आणि प्रकल्प यादीतून निवडायचे असतात. जर्मनीच्या डाड संस्थेच्या वाइज शिष्यवृत्तीची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते. अर्जासोबत तिथल्या प्राध्यापकांचं निमंत्रणपत्र लागतं, म्हणजे पत्रव्यवहार जुलैमध्येच सुरू व्हायला हवा. कोणते अभ्यासक्रम आणि कोणत्या संस्था पात्र आहेत हे वाइजच्या त्या वर्षीच्या सूचनेत दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय महिनाभर पत्रं लिहीत बसू नका. व्हिएन्ना बायोसेंटरच्या समर स्कूलचे अर्ज जानेवारीअखेर बंद होतात. जपानमधल्या ओकिनावाच्या ओइस्ट या विज्ञान संस्थेत वर्षातून दोनदा अर्ज घेतात, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. मार्च-एप्रिलमध्ये उघडं असतं ते गूगल समर ऑफ कोड, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांवर काम करण्याचा कार्यक्रम. ते घरूनच करायचं असतं आणि भत्ता मिळतो. ओपन बायोइन्फॉर्मेटिक्स फाउंडेशनसारख्या संस्था त्यात प्रकल्प देत आल्या आहेत. व्हिसा नाही, विमान नाही. परदेशी गटाबरोबर काम करण्याची पहिली संधी म्हणून ते दुय्यम मानू नका.

तीन वर्षांच्या बी.एस्सी.वाल्यांसाठी खरी अडचण वेगळीच आहे. बहुतेक कार्यक्रमांची अट असते की उन्हाळा संपल्यावरही तुमचं पदवीचं शिक्षण चालू असलं पाहिजे. म्हणजे तुमच्या हाती दुसऱ्या वर्षानंतरचा एकच उन्हाळा आहे, आणि त्याचा अर्ज दुसरं वर्ष सुरू होताच करावा लागतो. तयारी पहिल्या वर्षीच व्हायला हवी. चार वर्षांच्या पदवीला नोंदणी असेल आणि चौथं वर्ष करणार असाल, तर महाविद्यालयाकडून तसं लेखी पत्र घ्या. नाहीतर तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवरून तुम्ही पदवी पूर्ण केली असा समज होतो.

परीक्षेचंही बघावं लागेल. आपल्याकडे उन्हाळी सत्राच्या परीक्षा पुढे सरकू शकतात. अर्जात 'काम कधीपासून' या रकान्यात १ मे लिहू नका, जूनचा मध्य लिहा. वेळापत्रक लागेपर्यंत तिकीट काढू नका. पुढचं सत्र तुम्ही तिकडे असतानाच सुरू होईल, तेव्हा हजेरीतून सवलत मिळावी म्हणून प्राचार्यांची लेखी परवानगी निघण्याआधीच घ्या.

अमेरिकेतल्या 'आरईयू' (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचं उन्हाळी संशोधन) कार्यक्रमांची यादी मिळाली. शेकडो जागा आहेत, भत्ताही चांगला आहे. त्यात अर्ज करू का?
— बी.एस्सी. तृतीय वर्ष, बार्शी

नको. तो पैसा त्यांच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आहे आणि तो अमेरिकी नागरिकांना व कायम रहिवाशांनाच मिळतो. एखाद्या केंद्राकडे स्वतःचा वेगळा निधी असेल तरच परदेशी विद्यार्थी घेतात, आणि तसं त्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं. भारतीयांसाठी खास असलेला मार्ग म्हणजे खोराना प्रोग्रॅम. जनुकीय संकेत उलगडण्याच्या कामासाठी १९६८ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, त्या हरगोविंद खोराना यांच्या नावाचा हा कार्यक्रम आहे. त्याची सूचना निघाली की कोणत्या वर्षाचे विद्यार्थी चालतात ते आधी बघा.

आमच्या कॉलेजात सिक्वेन्सर (डीएनए वाचणारं यंत्र) सोडाच, डीएनएच्या प्रती काढणारं साधं पीसीआर मशीनही दोन वर्षांपासून बंद आहे. माझ्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. परदेशातल्या प्राध्यापकाला दाखवण्यासारखं मी काय करू शकतो?
— विद्यार्थी, मोहोळ

या विषयात बंद मशीनने फारसं अडत नाही, आणि म्हणूनच लहान गावातल्या विद्यार्थ्यांनी तो निवडावा असं आम्हाला मनापासून वाटतं. जगभरच्या प्रयोगशाळांची कच्ची माहिती एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या सार्वजनिक भांडारात पडून आहे आणि ती फुकट आहे. तुमच्याकडे हवा तो एक छोटा, नेमका आणि पूर्ण केलेला प्रश्न. 'ऑनलाइन कोर्स केले' याची दहा प्रमाणपत्रं त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

एक उदाहरण सविस्तर देतो. डाळिंबावरचा तेल्या तुम्हाला सांगायला नको. तो झॅन्थोमोनस सिट्री पॅथोव्हार प्युनिसी या जिवाणूमुळे होतो (पॅथोव्हार म्हणजे रोग कोणत्या झाडावर होतो त्यावरून पाडलेला उपप्रकार). जुन्या लेखांत त्याचं नाव झॅन्थोमोनस ॲक्सोनोपोडिस असं आहे, म्हणून दोन्ही नावांनी शोधा. त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सुमारे ५० लाख बेसचा (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपला सहज पेलणारा. मालदांडी ज्वारीवर काम करावंसं वाटेल, पण ज्वारीचा जीनोम ७३ कोटी बेसच्या आसपास आहे. डाळिंबाचाही ३० कोटींच्या वर जातो. ते नंतर. सुरुवात जिवाणूपासूनच करा.

प्रश्न असा घ्या: हा जिवाणू झाडाच्या पेशीत जी इफेक्टर प्रथिनं सोडतो, त्यांची जनुकं सगळ्या नमुन्यांत सारखी आहेत, की काही फक्त काहींतच आहेत? आणि कागदी लिंबावरच्या खैऱ्याला कारण ठरणाऱ्या जवळच्या नातेवाइकापेक्षा, म्हणजे सिट्री पॅथोव्हारपेक्षा, वेगळी कोणती? खैऱ्याच्या ३०६ या वाणाचा पूर्ण जीनोम २००२ मध्येच प्रसिद्ध झाला आहे, तो तुलनेला घ्या.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) टाकून त्यात उबुंटू हे लिनक्स घ्या आणि साधनं बायोकोंडा या सॉफ्टवेअरच्या भांडारातून बसवा. प्रत्येक कामासाठी वेगळं एन्व्हायरन्मेंट (साधनांचा स्वतंत्र कप्पा) करा. सगळं एकात कोंबलं की महिन्याभरात आवृत्त्या एकमेकींशी भांडू लागतात आणि काहीच चालत नाही. जीनोम उतरवल्यावर एमडी५ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरल्याची खूण) जुळते का ते पाहा, कारण मोबाइलच्या नेटवर फाइल अर्धवट उतरणं अगदी सामान्य आहे. मग फास्टएएनआय या जीनोममधलं साम्य मोजणाऱ्या साधनाने नमुने खरंच एकाच प्रजातीचे आहेत ना हे तपासा. ९५ टक्क्यांच्या वर साम्य असेल तर एकच प्रजाती मानतात. त्याखालचा नमुना निघाला तर नाव चुकीचं लागलेलं असू शकतं, आणि ती गोष्टही अहवालात लिहिण्यासारखी आहे.

यानंतर बहुतेकजण घसरतात. भांडारात प्रत्येक जीनोमबरोबर जनुकांची तयार यादी मिळते, पण ती वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या साधनांनी केलेली असू शकते. अशा याद्यांची तुलना केलीत तर दिसणारा फरक जिवाणूंमधला नसून साधनांमधला असेल. म्हणून तयार यादी बाजूला ठेवा, फक्त सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम) घ्या आणि सगळ्या जीनोमवर प्रोक्का किंवा बाक्टा हे जनुकं शोधणारं साधन एकाच आवृत्तीने पुन्हा चालवा. त्यानंतर पॅनारूने जनुकांचे गट पाडा.

दुसरी घसरण: एखादं जनुक यादीत नाही म्हणजे जिवाणूत नाही, असं धरून चालणं. अर्धवट जोडलेल्या जीनोमचे तुकडे असतात आणि जनुक नेमकं तुकड्याच्या टोकाला कापलं गेलेलं असू शकतं. 'नाही' म्हणण्याआधी त्या प्रथिनाचा सिक्वेन्स घेऊन टीब्लास्टएनने मूळ तुकड्यांमध्ये शोधा. टाल नावाची इफेक्टर तर खास त्रासाची आहेत. त्यांत १०२ बेसचा तुकडा थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो. १५० बेसच्या लहान रीड्सना (सिक्वेन्सरने एका वेळी वाचलेल्या तुकड्यांना) अशा लांब पुनरावृत्तीचा आरपार अंदाज येत नाही आणि जोडणी तिथेच तुटते. लांब रीड्सनी जोडलेला जीनोम नसेल तर टालबद्दल दावा करू नका, आणि का करत नाही ते लिहा. निवड करणारा माणूस अहवालात हेच वाक्य शोधत असतो.

आठवड्याला ८ तास दिले तर सहा-सात आठवड्यांत हे होतं. शेवटी चार पानांचा अहवाल, एक-दोन आकृत्या, आणि गिटहबवर (कोड ठेवण्याचं संकेतस्थळ) कोड. सोबत वाचा-फाइल (रीडमी) अशी, की परक्या माणसाने तीच क्रमवारी चालवून तीच आकृती काढावी. मित्राच्या लॅपटॉपवर एकदा चालवून बघा. तुमच्याच फोल्डरचा पत्ता कोडमध्ये पक्का लिहून ठेवलेला असतो, तो तिथेच सापडतो. लॅपटॉप कमी पडला तर गॅलक्सी युरोप हे विश्लेषण चालवून देणारं संकेतस्थळ खातं उघडून फुकट वापरता येतं. आणि जमलं तर सोलापुरातच केगावला असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना अहवाल पाठवून दोन शंका विचारा. शेतातल्या रोगाबद्दल त्यांना जे माहीत आहे ते कुठल्याच डेटाबेसमध्ये नाही.

एक हिशेब तोंडपाठ ठेवा, मुलाखतीत विचारतात. १५० बेसच्या दुहेरी (तुकड्याच्या दोन्ही टोकांकडून वाचलेल्या) रीड्सच्या १० लाख जोड्या म्हणजे ३० कोटी बेस. जीनोम ५० लाखांचा. भागाकार ६०. म्हणजे प्रत्येक जागा सरासरी ६० वेळा वाचली गेली.

दोनशेहून जास्त प्राध्यापकांना ई-मेल केले. एकाचंही उत्तर नाही. सोलापूरचं नाव बघून टाळतात का?
— बी.टेक. तृतीय वर्ष, पंढरपूर

गावाचा प्रश्न नाही. तोच मजकूर दोनशे ठिकाणी गेला, एवढंच कारण पुरेसं आहे. 'आपल्या थोर संशोधनाने प्रभावित होऊन' अशी सुरुवात असलेली पत्रं त्यांना रोज येतात आणि न उघडता जातात.

पंधरा ते वीस गट निवडा, त्याहून जास्त नको. प्रत्येकाचा अलीकडचा एक लेख घ्या आणि त्यातला पद्धतींचा भाग वाचा. त्यांनी एखादं साधन बनवलं असेल तर ते उतरवून चालवून बघा. कुठे अडलं तर त्यांच्या कोडच्या पानावर नीट नोंद करा: कोणती आवृत्ती, कोणती आज्ञा, काय त्रुटी आली. अशा नोंदीला उत्तर बहुधा पीएच.डी. करणारा विद्यार्थी देतो, आणि तीच तुमची खरी ओळख ठरते.

पत्र दीडशे ते पावणेदोनशे शब्दांचं. विषयाच्या ओळीत आठवडे, महिने आणि विषय: '१० आठवडे, जून ते ऑगस्ट, जिवाणू जीनोम तुलना'. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कोण आणि काय मागता. पुढच्या तीन-चार वाक्यांत त्यांच्या लेखातली एक नेमकी बाब आणि तुमच्या प्रकल्पाशी तिचा संबंध. मग पैशाचं स्पष्ट बोला: अमुक शिष्यवृत्तीला अर्ज करतो आहे, त्यासाठी निमंत्रणपत्र या तारखेपर्यंत लागेल. हे न लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की खर्च त्याच्यावर येणार. सोबत एक पानाचा परिचय आणि गुणपत्रक, एकाच पीडीएफमध्ये. आडनाव, शेवटची पदवी आणि 'प्रोफेसर' की 'डॉक्टर' हे त्यांच्या पानावरून तपासून लिहा. 'रिस्पेक्टेड सर' तर मुळीच नको, समोरच्या बाई असू शकतात.

मंगळवार ते गुरुवार, त्यांच्या सकाळी पोचेल असं पाठवा. युरोपात ऑगस्ट महिना आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा सुट्टीचा, तेव्हा टाळा. दहा-बारा दिवसांनी त्याच ई-मेलला जोडून एक आठवण करा. त्यानंतर त्या गटाला पुन्हा लिहू नका.

एका संस्थेने माझ्या मुलीला 'युरोपातल्या विद्यापीठात बायोइन्फॉर्मेटिक्स इंटर्नशिपची हमी' म्हणून १ लाख ६० हजार मागितले आहेत. भरावेत का? आणि एरवी खर्च किती येतो?
— पालक, अक्कलकोट

भरू नका. हमी हा शब्दच वाईट खूण आहे. विद्यापीठात जागा प्राध्यापक किंवा निवड समिती देते, तिसरा माणूस ती विकू शकत नाही. खातरजमा सोपी आहे: त्यांनी ज्या प्राध्यापकाचं नाव दिलं आहे त्याचा पत्ता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्या आणि मुलीला थेट विचारू द्या. काही विद्यापीठं पाहुण्या विद्यार्थ्यांकडून खरंच शुल्क घेतात, पण ते विद्यापीठाच्याच खात्यात जातं, पावतीसह.

खर्चाचं सांगायचं तर शिष्यवृत्ती मिळाली तरी सुरुवातीला हातात पैसे लागतातच, आणि हेच घरी कुणी सांगत नाही. पासपोर्टचे ३६ पानांसाठी १,५०० रुपये, तत्काळ हवा तर आणखी २,०००. शेंगेन व्हिसाचे (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा अल्प मुदतीचा व्हिसा) ९० युरो आणि केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अमेरिकेला जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमांच्या) व्हिसासाठी सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे, २२० डॉलर आणि अर्जाचे १८५, असे ४०५ डॉलर. विमानभाडं काही कार्यक्रम स्वतः काढतात, काही नंतर परत देतात. परत देणारे बहुधा बोर्डिंग पास मागतात, म्हणून जाता-येताचे सगळे जपून ठेवायला सांगा. पहिला भत्ता पोचल्या दिवशी मिळत नाही. तिथे बँकेत खातं उघडून तो जमा व्हायला तीन-चार आठवडे लागू शकतात. तोवर घरभाडं, अनामत आणि जेवण तुमच्या खिशातून. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी मागता येते. म्हणून विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी निवड झाल्या दिवशीच अर्ज करा. खोली न बघता, किल्ली हातात नसताना, ओळख नसलेल्या घरमालकाला पैसे पाठवू नका. तिथेही फसवणूक होते.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीबद्दलही तुम्ही विचारलं आहे. ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पूर्ण शिक्षणासाठी आहे, पदवीतल्या उन्हाळी कामाला लागू होत नाही. मुलगी पात्र असेल तर पुढच्या शिक्षणाच्या वेळी मात्र नक्की बघा.

पासपोर्ट आणि व्हिसात काय चुकतं? आमच्या वर्गातल्या एकाचा निवड होऊनही व्हिसा वेळेत आला नाही.
— विद्यार्थी, मंगळवेढा

पहिली चूक नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बाकीचं दुसऱ्या. अर्ज भरताना कुणी गुणपत्रिकेचा क्रम वापरतो, कुणी वडिलांचं नाव गाळतो. मग निमंत्रणपत्र एका नावाने येतं आणि पासपोर्ट दुसऱ्या. दुरुस्त पत्र यायला दोन आठवडे गेले की भेटीची तारीख हुकते. म्हणून पहिल्या ई-मेलपासून पासपोर्टवरचंच नाव वापरा, तेच स्पेलिंग. पासपोर्ट नसेल तर पहिल्या वर्षीच काढा. सोलापुरात टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. पोलीस पडताळणीच्या वेळी मात्र घरी असा. वसतिगृहाचा पत्ता देऊन सुट्टीत गावी गेलेल्यांची फाइल तशीच पडून राहते.

दुसरी चूक दिवसांची. शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा. '१ जून ते ३१ ऑगस्ट, तीन महिने' असं निमंत्रणपत्र आलं की सगळे खूश होतात. मोजा: ३० अधिक ३१ अधिक ३१, म्हणजे ९२. पोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरतात. ९० ओलांडले की त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो, आणि त्याला कितीतरी जास्त वेळ जातो. प्राध्यापकांना विनंती करून पत्रात १२ आठवड्यांच्या नेमक्या तारखा घालून घ्या. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला एरवी १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत नेऊ शकतात. मे महिन्यात भेटीच्या वेळा मिळणं कठीण, म्हणून मार्चमध्येच बघा.

तिसरी चूक प्रकाराची. भत्ता असो वा नसो, पर्यटन व्हिसावर प्रयोगशाळेत काम करायला जाऊ नका. कोणत्या वर्गातला व्हिसा लागेल हे यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाकडून लेखी घ्या. अमेरिकेसाठी त्यांनी पाठवलेला डीएस-२०१९ हा जे-१ साठीच्या पात्रतेचा फॉर्म हातात आल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. विमा शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोचा, जे-१ साठी प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचा.

पुण्याला व्हिसा केंद्रात जाणार असाल आणि सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघणार असाल, तर बाराच्या आधीची वेळ घेऊ नका. मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत) सकाळची मुलाखत असेल तर रात्रीची सिद्धेश्वर सोयीची आहे, पण गाडीला उशीर झाला तर हातात काही राहत नाही. आदल्या दिवशी पोचणं चांगलं.

विद्यार्थी शिफारसपत्र मागतात. काय लिहावं? आणि ते ऑनलाइन का घेतात?
— प्राध्यापिका, सोलापूर

'मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक' याने वाचणाऱ्याला काही कळत नाही. किती काळ ओळखता, किती विद्यार्थ्यांमध्ये कितवा, आणि एक घडलेली गोष्ट: बिघडलेला प्रयोग कसा शोधला, न सांगता काय शिकून आला. एक पान पुरे. पत्राची लिंक थेट तुमच्या ई-मेलवर येते, म्हणजे मजकूर विद्यार्थ्याने पाहिलेला नसावा. ती स्पॅममध्ये जाते आणि तिची मुदत संपते, तेव्हा विद्यार्थ्याने अर्ज भरला की त्याच दिवशी शोधा. महाविद्यालयाच्या डोमेनचा पत्ता वापरा. तो नसेल तर विद्यार्थ्याने कार्यक्रमाच्या समन्वयकांना आधीच विचारावं, महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर तुमचं नाव आहे अशी लिंक द्यावी आणि पत्र लेटरहेडवर सहीनिशी असावं. कृपा करून विद्यार्थ्यालाच 'लिहून आण, सही करते' म्हणू नका. एकाच वर्गातून आलेली दोन पत्रं एकाच भाषेत असली की दोघांचंही नुकसान होतं.

निवड झाली आहे, जूनमध्ये निघते. आरएनए-सेकचा (कोणती जनुकं किती चालू आहेत ते मोजण्याची पद्धत) प्रकल्प आहे, दहा आठवडे. पहिल्या दिवसांत काय सांभाळू?
— विद्यार्थिनी, सोलापूर

अभिनंदन. पहिले दोन आठवडे नवीन काही शोधू नका. गटातल्याच कुणीतरी आधी केलेलं विश्लेषण घ्या आणि तेच उत्तर पुन्हा काढा. आकडे जुळले की तुमची मांडणी बरोबर आहे हे कळतं. नाही जुळले तर चूक आत्ताच सापडते, नवव्या आठवड्यात नाही.

क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या मोठ्या संगणकांवर) लॉगिन केल्यावर जिथे पोचता ते यंत्र सगळ्यांचं असतं, त्यावर जड काम सुरू करू नका. स्लर्म या कामांची रांग लावणाऱ्या प्रणालीतून पाठवा आणि स्मृती (रॅम) किती लागेल ते नेमकं मागा. मानवी जीनोमवर स्टार (रीड्स जीनोमवर जुळवणारं साधन) चालवायला ३० जीबीच्या आसपास रॅम लागते. ८ मागितली की काम अर्ध्यात मारलं जातं आणि नवख्याला वाटतं कोड चुकला. स्टारला जमत नसेल तर हायसॅट-२ कमी रॅममध्ये चालतं. स्क्रॅच नावाच्या जागेतल्या जुन्या फाइल्स बऱ्याच ठिकाणी आपोआप पुसतात, तिथे अंतिम निकाल ठेवू नका. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट तिथे चालत नसेल तर ओळींच्या शेवटी दडलेलं विंडोजचं चिन्ह हे बहुधा कारण असतं. डॉसटूयुनिक्स हे ते काढणारं साधन एकदा फिरवा.

आरएनए-सेकमध्ये सगळ्या जनुकांची गणना शून्य आली तर घाबरू नका, नावं बघा. एका फाइलमध्ये गुणसूत्राचं नाव 'सीएचआर१' आणि दुसरीत नुसतं '१' असलं की काहीच जुळत नाही. जीनोम आणि जनुकांची यादी एकाच ठिकाणाहून, एकाच आवृत्तीची घ्या. गणना शून्य नाही पण फारच कमी आली, तर रीड्स डीएनएच्या कोणत्या धाग्यावरच्या हे सांगणारी दिशेची खूण तपासा. फीचरकाउंट्स या रीड्स मोजणाऱ्या साधनामध्ये ती ०, १ किंवा २ असते. लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) उलट दिशेची असताना १ दिलं तर जवळपास सगळ्या रीड्स वाया जातात. किट कोणतं होतं ते प्रयोग करणाऱ्याला विचारा, अंदाज करू नका. डीईसेक-२ या गटांमधला फरक तपासणाऱ्या साधनाला कच्च्या, पूर्णांकी गणना द्यायच्या, आधी सरासरीत बसवलेले आकडे नाहीत. आणि प्रत्येक गटात जैविक नमुने तीनपेक्षा कमी असतील तर ते पहिल्याच बैठकीत बोला. एकाच नमुन्याचं तीनदा सिक्वेन्सिंग म्हणजे तीन नमुने नव्हेत.

जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका. 'सेप्ट-२' नावाच्या जनुकाची त्यात तारीख होते, २ सप्टेंबर. हा घोटाळा इतका पसरला की २०२० मध्ये त्या जनुकांची नावंच बदलली, पण जुन्या फाइल्समध्ये जुनी नावं आहेत.

रोजची वही ठेवा: तारीख, आज्ञा, साधनाची आवृत्ती, काय निघालं. अर्धा दिवस एकाच ठिकाणी अडलात तर विचारा. विचारताना त्रुटीचा पूर्ण मजकूर पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. आपल्याकडे सरांचा वेळ घेऊ नये म्हणून मुलं आठवडाभर गप्प बसतात. तिकडे त्याचा अर्थ काम होत नाही असा घेतात. आठव्या आठवड्यानंतर नवं विश्लेषण सुरू करू नका. उरलेले दोन आठवडे आकृत्या, लिखाण आणि पुढच्या माणसाला कोड सोपवण्यासाठी लागतातच.

सोबत खायला काय नेता येतं?
— तिचीच आई

युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात चालत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. कडक भाकरी, मेतकूट, बांधीव पाकिटातला कोरडा मसाला नेता येतो. शेंगाचटणीही नेता येते, पण तिथे शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेले लोक असतात. सामायिक स्वयंपाकघरात डबा उघडण्याआधी सोबतच्यांना विचारायला सांगा. ही चेष्टेची गोष्ट नाही, जिवावर बेतते.

परत आल्यावर तिथला कोड आणि डेटा माझ्या गिटहबवर टाकू शकते का? पुढच्या अर्जाला दाखवायचं आहे.
— एम.एस्सी. प्रथम वर्ष, सोलापूर

विचारल्याशिवाय नाही. डेटा प्रयोगशाळेचा असतो, आणि माणसांचा जीनोम किंवा रुग्णांची माहिती असेल तर ती त्यांच्या सर्व्हरवरून स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवणंसुद्धा नियमभंग ठरू शकतो. निघण्याच्या आठवड्यात मार्गदर्शकांना ई-मेलने तीन गोष्टी विचारून ठेवा: कोडचा कोणता भाग उघड करता येईल, अहवालातली कोणती आकृती दाखवता येईल, आणि लेख झाला तर तुमचं नाव लेखकांत येईल की आभारात. उत्तर लेखी मिळतं, आणि तुमचा तिथला ई-मेल पत्ता बंद होण्याआधी ते स्वतःच्या पत्त्यावर पाठवून ठेवता येतं.